वाडी : एक रूप, अनेक शब्द

नागपुराहून अमरावतीकडे जाणाऱ्या रस्त्याने विद्यापीठाचा परिसर मागे टाकून पश्चिमेस गेले म्हणजे शहराच्या सीमेवर वाडी लागते. एके काळचे हे खेडे गोदामे, मालमोटारींचे तळ आणि जवळचीच अंबाझरीची आयुध निर्माणी यांच्या योगाने आता नागपुराचेच एक अंग होऊन बसले आहे. मराठी मनुष्याला या नावाचे स्पष्टीकरण विचारावेसे वाटत नाही. सावंतवाडी, नरसोबाची वाडी, गिरगावातील फणसवाडी ही नावे त्याच्या कानांवरून इतक्या वेळा गेलेली असतात की, वाडी म्हणजे लहान वस्ती किंवा कुंपण घातलेली बाग हे त्याला न सांगता कळते. परंतु हेच नाव रोमन लिपीतील एखाद्या नकाशाच्या सूचीत शोधावयास जावे, तर डब्ल्यू, ए, डी, आय या चार अक्षरांखाली नागपूरची वाडी, कर्नाटकातील वाडी जंक्शन, जॉर्डनमधील वादी रम आणि सुदानमधील वादी हल्फा एकापाठोपाठ एक उभ्या असलेल्या दिसतात. संगणकावर शोध घेणाऱ्यास तर याचा अनुभव नित्याचाच आहे.

यातील अरबी वादी म्हणजे नदीचे खोरे, दरी, किंवा पावसाळ्यापुरते पाणी वाहणारा कोरडा प्रवाहमार्ग. आता असे पाहा की, आपल्याकडील पुष्कळशा वाड्या ओढ्यानाल्यांच्या काठी असतात. बागेला पाणी लागते व वस्तीलाही. तेव्हा ‘पाण्याच्या वाटेवरील वस्ती ती वाडी, आणि हा शब्द मुळात अरबी’ असा तर्क करण्याचा मोह नवख्या अभ्यासकास होण्यासारखा आहे. रूप जुळते, अर्थही ओढूनताणून का होईना जवळ येतो, आणि अरबी-फारसीतून मराठीत शेकडो शब्द आले ही गोष्ट तर निर्विवाद आहे. एवढे सर्व अनुकूल असूनही हा तर्क चुकीचा आहे. तो चुकीचा कसा ठरतो हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. ग्रामनामांचा अभ्यास आपल्याकडे अजून बराच व्हावयाचा आहे, आणि त्यात पहिले पाऊलच अशा साम्यावर पडले तर पुढची सगळी इमारत तिरपी होते.

प्रथम मराठी वाडीची कुळी पाहू. संस्कृतात वाट हा शब्द कुंपण व कुंपणाने वेढलेली जागा या अर्थाने येतो. वाटी, वाटिका ही त्याचीच रूपे. (रस्ता या अर्थाची मराठी वाट निराळी, तिचा संबंध संस्कृत वर्त्मन्, वर्त्म या शब्दांशी आहे.) वाटिकेतील दोन स्वरांमधला ट प्राकृतात घोष होऊन त्याचा ड झाला आणि वाडिआ, वाडी असा क्रम लागला. हा बदल या एकाच शब्दापुरता असता तर त्याला फारसे मोल नव्हते. पण वटाचा वड, घोटकाचा घोडा, कीटकाचा किडा आणि खेटकाचे खेडे याच वाटेने झाले आहे. जो बदल इतक्या शब्दांत एकाच रीतीने घडतो त्याला आपण ध्वनिनियम म्हणतो, आणि ज्यूल ब्लॉक यांनी 1920 साली प्रसिद्ध केलेल्या मराठी भाषेच्या घडणीवरील ग्रंथापासून मराठीचे हे नियम आपल्या हाताशी आहेत. वाट या शब्दाची परंपरा त्याही मागे, वृ या वेढण्याच्या अर्थाच्या धातूपर्यंत नेण्याकडे अभ्यासकांचा कल आहे. तो मान्य केला तर एक गमतीची गोष्ट निष्पन्न होते. कोकणात कुंपणाला वई म्हणतात. ती वृति या शब्दावरून आलेली. म्हणजे वई आणि तिने वेढलेली वाडी या एकाच मुळाच्या शाखा ठरतात; त्यांच्या आजच्या रूपांत मात्र व या एका अक्षरापलीकडे समान असे काही राहिलेले नाही.

काळाचा पुरावाही याच बाजूचा आहे. विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटकांच्या ताम्रपटांत ग्रामनामांच्या शेवटी खेटक व वाटक ही पदे आढळतात. वाकाटकांची एक राजधानी नन्दिवर्धन म्हणजे रामटेकजवळचे नगरधन. नागपुरापासून ते काही फार दूर नाही. या राजवंशाचा काळ इसवी सनाच्या 3ऱ्या शतकाच्या मध्यापासून 5व्या शतकाच्या अखेरपर्यंतचा. अरबांची सिंधवरील स्वारी 712 सालची आणि दक्षिणेत बहमनी राज्याची स्थापना 1347 सालची. जो शब्द अरबी भाषा या भूमीवर येण्यापूर्वी दोन-तीनशे वर्षे ताम्रपटांवर कोरला जात होता, तो अरबीने आपल्याला दिला असे म्हणणे शक्य नाही. वा. वि. मिराशी यांनी संपादिलेला वाकाटक लेखांचा संग्रह 1963 साली प्रसिद्ध झाला आहे; तो नागपूरच्या विद्यार्थ्याने एकदा तरी या दृष्टीने चाळावा.

आता अरबी शब्दाकडे वळू. अरबी वादीतील द हा दंत्य आहे. व, द, य या तीन व्यंजनांच्या धातूतून तो शब्द सिद्ध होतो आणि त्याचे अनेकवचन अवदिया असे होते. फारसीमार्गे तो उर्दूत आला व तेथेही वादीच राहिला. काश्मीरचे खोरे ते वादी-ए-कश्मीर. अरबी-फारसीतून मराठीत आलेल्या शब्दांतील दंत्य द आपण कसा घेतला ते पाहिले तर दुनिया, दौलत, दावा, अदालत, मदत या सर्वांत तो दंत्यच राहिला आहे. तेव्हा अरबी वादी मराठीत खरोखरच रुजती तर ती वादी म्हणूनच रुजती; तिच्यात मूर्धन्य ड येण्यास कारण नव्हते. उर्दू लिहिणाऱ्या कामठीच्या रहिवाशाला यात संभ्रम पडण्याचा संभवच नाही, कारण त्याच्या लिपीत वाडीसाठी एक अक्षर व वादीसाठी दुसरे असते. देवनागरीतही तेच. संभ्रम आहे तो रोमन लिपीचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डब्ल्यू. डब्ल्यू. हंटर यांच्या नावाने जी लिप्यंतरपद्धती भूमापन खात्याच्या नकाशांसाठी रूढ झाली, तिच्या नित्याच्या व्यवहारात द आणि ड यांस एकच अक्षर मिळाले. त्यामुळे वाडा आणि वादा, वाडी आणि वादी कागदावर एक झाले. दोन भाषांतील दोन शब्द जेथे ध्वनीनेही एक नव्हते तेथे लेखनाने ते एक केले, असा हा प्रकार आहे. त्याला योगायोगाचे साम्य म्हणणेदेखील उदारपणाचे होईल.

हा घोटाळा केवळ सूचीतला नाही, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. आदिवासी कुटुंबांना सुमारे एक एकर जमिनीत फळझाडे लावून देण्याची जी योजना बाएफ या संस्थेने गुजरातेतील वांसदा भागात 1980 नंतरच्या दशकात आकारास आणली, तिला वाडी हेच नाव मिळाले. पुढे नाबार्डने 2003-04 साली आदिवासी विकास निधी उभारून तिचा देशभर विस्तार केला, आणि तिच्या इंग्रजी अहवालांतही हा शब्द रोमन लिपीत जसाच्या तसा राहिला. दुसरीकडे, कोरडवाहू प्रदेशांतील जलसंधारणावर जगभर जे इंग्रजी लेखन होते त्यात हीच चार अक्षरे अरबी अर्थाने, कोरड्या प्रवाहमार्गासाठी, वापरली जातात. दोन्ही प्रकारचे लेखन पाणी, माती आणि झाडे यांविषयीच बोलते. तेव्हा वाडी-विकास म्हणजे फळबागेचा विकास की ओढ्याचे पात्र बांधून काढणे, हे ओळखण्यास वाचकाला मजकुराचा देश कोणता ते आधी पाहावे लागते. भूगोलाच्या वा कृषिशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न व्युत्पत्तीचा वाटणार नाही. त्याच्या टिपणात मात्र चूक तीच होईल.

येथे एक भेद मनात पक्का धरावयास हवा. एकाच रूपाचे दोन भाषांत भिन्न अर्थ दिसले म्हणजे ते शब्द असंबद्धच असतात असे नाही. मराठीत शिक्षा म्हणजे दंड आणि हिंदीत शिक्षण. मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा आणि हिंदी-बंगालीत प्रयत्न. हिंदीत उपन्यास म्हणजे कादंबरी आणि तेलुगू-कन्नडांत व्याख्यान. हे सर्व संस्कृतातून घेतलेले एकच एक शब्द आहेत. प्रत्येक भाषेने अर्थाची निरनिराळी बाजू उचलली एवढेच. वाडीच्या बाबतीतही असा एक मोठा परिवार आहे. गुजरातीत वाडी म्हणजे बाग. ओडियात बाडि म्हणजे घरामागची परसबाग. छत्तीसगढीत तीच बारी किंवा बाड़ी. आणि बंगालीत बाडि म्हणजे चक्क घर. कर्जत-खंडाळा घाटातील ठाकूरवाडी म्हणजे ठाकरांची वस्ती, आणि कलकत्त्याच्या जोडासाँको भागातील ठाकुरबाडी म्हणजे रवीन्द्रनाथांच्या ठाकूर घराण्याचा वाडा. अर्थांत इतके अंतर असूनही हे शब्द सगोत्र आहेत असे आपण निःशंकपणे म्हणतो, कारण व आणि ब यांचा संबंध मराठी वीस, हिंदी बीस, बंगाली बिश यांतही तसाच दिसतो, आणि ड चा संबंध घोडा या शब्दाच्या तिन्ही भाषांतील रूपांत दिसतो. म्हणजे बंगाली बाडि अर्थाने दूर पण नात्याने जवळ, आणि अरबी वादी रूपाने जवळ पण नात्याने कोणीच नव्हे.

तिसरा प्रकार उसनवारीचा. तमिळमध्ये वाडि हा शब्द आवार या अर्थाने आहे; लाकडाच्या वखारीला तेथे मरवाडि म्हणतात, आणि जल्लिकट्टूच्या खेळात बैल ज्या दारातून मैदानात सोडतात ते वाडिवासल. तेलुगूतील वाडा म्हणजे पेठ, मोहल्ला. विजयवाडा हे नाव सर्वांच्या परिचयाचे आहे. ही सगळी संस्कृत-प्राकृतातून द्राविड भाषांनी घेतलेली पदे होत. मराठी वाडीशी त्यांचे नाते आहे; मात्र ते जन्माचे नसून दत्तक गेलेल्या मुलासारखे आहे.

परंतु त्याच तमिळ व तेलुगूत त्याच उच्चाराचे आणखी काही शब्द आहेत, आणि त्यांचा या कुळाशी काडीचाही संबंध नाही. तमिळमध्ये वाडु म्हणजे कोमेजणे. त्याचे ‘कोमेजून’ या अर्थाचे रूप वाडि. घरगुती बोलीत वा म्हणजे ये, आणि मुलीला वा मैत्रिणीला सलगीने हाक मारताना त्याला डि जोडला की पुन्हा वाडि. आपण ज्याला ‘ये गं’ म्हणतो तेच. आवार, कोमेजून आणि ये गं असे तीन शब्द एकाच भाषेत एकाच रूपाचे झाले. तेलुगूत वाडि म्हणजे धार, तीक्ष्णता; वाडु म्हणजे तो, म्हणून वाडि म्हणजे त्याचा; शिवाय वाडु म्हणजे वापरणे, म्हणून वाडि म्हणजे वापरून. कत्ति म्हणजे सुरी. तेव्हा वाडि कत्ति असे शब्द कानी पडले तर सुरी धारदार आहे की ती ‘त्याची’ आहे, हे तेलुगू मनुष्यदेखील प्रसंगावरूनच ठरवील. जाता जाता हेही नोंदविले पाहिजे की, तमिळ वाडुचे कन्नड रूप बाडु असे होते आणि तमिळ वा चे कन्नड बा. व-ब यांचा हा संबंध आपल्या वीस-बीस यांसारखाच दिसतो; परंतु दोन कुटुंबांत स्वतंत्रपणे घडलेल्या या दोन गोष्टी आहेत. साम्य केवळ शब्दांचेच नव्हे, नियमांचेही फसवे असू शकते.

ही तेलुगू उदाहरणे दूरची म्हणून सोडून देण्यासारखी नाहीत. प्राणहिता-गोदावरीच्या संगमावरील सिरोंचा तालुका विदर्भातच आहे व तेथे तेलुगू मोठ्या प्रमाणावर बोलली जाते. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा 1956 पूर्वी हैदराबाद राज्यात होते. या पट्ट्यात शब्दसंग्रह करणाऱ्याला मराठी वाडी, तेलुगू वाडा आणि तेलुगू वाडि एकाच दिवशी, एखादे वेळी एकाच वक्त्याच्या तोंडून ऐकावयास मिळतील.

मराठीच्या आतही प्रकरण साधे नाही. कोकणात देवाला किंवा पितरांना पानावर वाढून जो नैवेद्य दाखवितात त्याला वाडी म्हणतात. तिचे नाते वाढणे या क्रियापदाशी दिसते, कुंपणाशी नव्हे. एकाच गावात वाडीत राहावे, वाडीतले नारळ काढावेत आणि देवाला वाडी दाखवावी, यात बोलणाऱ्याला काही विचित्र वाटत नाही. पहिल्या दोन वाड्या एकच शब्द आहेत; तिसरी पाहुणी आहे. दंत्य द असलेल्या वादीची स्थिती तर याहून मौजेची आहे. न्यायालयातील वादी आणि संगीतातील वादी स्वर हे दोन्ही वद् धातूपासून निघालेले. चपलेची किंवा जोत्याची चामड्याची वादी ही संस्कृत वर्ध्र, वध्री या पट्टावाचक शब्दांच्या घरातली. आणि आकाशवाणीवर एखादी उर्दू गझल लागली की तिच्यातली वादी म्हणजे दरी. नागपुरासारख्या शहरात एकाच मनुष्याच्या कानांवर या तिन्ही वादी पडतात. पक्षकार, पट्टा आणि दरी यांचे एक मूळ शोधण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. आणि येथेच मला या विषयातील मुख्य मुद्दा दिसतो.

असंबद्ध अर्थाचे समरूप शब्द अभ्यासकाला फसवीत नाहीत. तेलुगू वाडि म्हणजे धार. म्हणून नागपूरची वाडी सुऱ्यांना धार लावणाऱ्यांची वस्ती असावी, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. फसवितात ते अर्थानेही शेजारी असलेले शब्द. बाग, वस्ती, दरी, ओढा हे सर्व भूमीशी संबंध असलेले अर्थ; त्यांच्यामध्ये पूल बांधावयास कल्पनाशक्तीला श्रम पडत नाहीत. आणि अर्थाच्या बाबतीत आपण किती सैल राहतो यावर साम्यांची संख्या अवलंबून असते. समजा, एखाद्या भाषेत 30 व्यंजने व 5 स्वर आहेत. व्यंजन-स्वर-व्यंजन-स्वर अशा दोन अक्षरांच्या घडणीची रूपे तिच्यात जास्तीत जास्त 22,500 होतील. भाषेचा कोश याहून मोठा असतो आणि आखूड रूपे तर ती नेहमीच आधी वापरून टाकते. तेव्हा दोन भाषांत अशी शेकडो रूपे जुळणे ही आश्चर्याची गोष्ट नसून न जुळणे ही आश्चर्याची गोष्ट होईल. त्यांपैकी काहींचे अर्थ शेजारी-शेजारी पडणारच.

किंबहुना, अर्थ शेजारीच नव्हे तर तंतोतंत एक असले तरीही निर्णय होत नाही. फारसीतील बद, जो बदनाम, बदफैली या शब्दांतून आपल्या ओळखीचा आहे, आणि इंग्रजीतील बॅड यांचा अर्थ एकच. फारसी व इंग्रजी दोन्ही एकाच मूळ कुटुंबातल्या. तरीही हे दोन शब्द एकमेकांचे कोणी नव्हेत. याहून विलक्षण उदाहरण ऑस्ट्रेलियातले आहे. क्वीन्सलँडमधील म्बाबाराम या भाषेत कुत्र्याला डॉग म्हणतात. आर. एम. डब्ल्यू. डिक्सन यांनी 1960 नंतरच्या दशकात ही भाषा नोंदविली. इंग्रजांकडून घेतलेला शब्द म्हणून तो बाजूला टाकणे सहज शक्य होते. पण शेजारच्या यिडिन्य भाषेत कुत्र्याला गुडगा म्हणतात, आणि आरंभीचे अक्षर गळून पुढील स्वर बदलणे हे म्बाबारामच्या इतर शब्दांतही नियमाने घडलेले आहे. गुडगाचा डॉग त्या भाषेने आपल्याच घरी केला. इंग्रजी शब्दाशी पडलेली गाठ निव्वळ योगायोगाची. याच्या उलट आपले चाक, संस्कृत चक्र आणि इंग्रजी व्हील यांत कानाला एकही ध्वनी समान वाटत नाही. तरी ते एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत आणि त्यांच्यामधील प्रत्येक पायरी दाखविता येते.

यावरून ग्रामनामांच्या संग्रहात काय करावे लागते हे कळते. गावाचे नाव देवनागरीत, आणि तेही स्थानिक उच्चार ऐकून, आधी लिहून घ्यावे. नकाशावरील रोमन रूप फक्त ताडून पाहण्यासाठी ठेवावे. नंतर जुने दप्तर, सनदा, कोरीव लेख यांत त्या नावाची मागची रूपे सापडतात का ते पाहावे. ही रूपे ध्वनिनियमांनी आजच्या रूपाशी जोडता आली पाहिजेत. अर्थाचा विचार सर्वांत शेवटी. दुर्दैवाने पुष्कळ ठिकाणी हा क्रम उलटा असतो : अर्थ आधी सुचतो आणि मग रूप त्याला जुळवून घेतले जाते. राल्फ टर्नर यांचा 1966 साली पुरा झालेला भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश आणि बरो व एमेनो यांचा द्राविड व्युत्पत्तिकोश (पहिली आवृत्ती 1961, दुसरी 1984) हे दोन्ही ग्रंथ शेजारी उघडे ठेवल्याशिवाय पूर्व विदर्भातील एकाही नावाविषयी मत देऊ नये, असे मी म्हणेन. एकच ग्रंथ पाहणाऱ्याला त्या ग्रंथातलेच कूळ सर्वत्र दिसू लागते.

स्थलनामांत एकावर एक थर चढतात हेही विसरून चालत नाही. स्पेनमधील ग्वादलक्विव्हिर नदीचे नाव अल्-वादी अल्-कबीर, म्हणजे मोठे खोरे किंवा मोठी नदी, या अरबी शब्दांवरून आलेले आहे; तेथे अरबी वादी खरोखरच रुजली, कारण अरबी बोलणारे लोक त्या नदीकाठी शतकानुशतके राहिले. त्याच देशातील ग्वादियाना नदीच्या नावात मात्र अरबांच्या आधीचे आना हे नाव शिल्लक असून त्याच्यामागे फक्त वादी जोडलेली आहे. आपल्याकडे असेच जोडकाम तीन कुळांच्या भाषांचे झालेले आहे. गडचिरोली जिल्ह्यातील गर्देवाडा या नावाच्या शेवटी जो वाडा आहे तो आर्य कुळातला शब्द. पण तो मराठीतून आला की तेलुगूने आधीच उसना घेतलेल्या वाडामधून, हे त्या गावाच्या भोवतालच्या नावांसह पाहूनच ठरवावे लागेल. गोंडी बोलणाऱ्या मुलखात हे दोन्ही मार्ग मोकळे होते.

त्याच जिल्ह्यातील दुसरे एक शेवटचे पद याहून अधिक फसवे आहे, आणि संग्राहकांनी त्याची स्वतंत्र नोंद ठेवावी. ते पद म्हणजे नार. मराठी काव्यात नार म्हणजे स्त्री. अरबीत व उर्दूत नार म्हणजे अग्नी. तमिळ-मलयाळमांत नार म्हणजे झाडाच्या सालीचा तंतू, वाक. तेलुगूतही नार तोच. गोंडीत नार म्हणजे गाव. भामरागड तालुक्यात मरकनार नावाचे गाव आहे. गोंडीत मरका म्हणजे आंबा, तेव्हा नावाचा अर्थ आंब्याचे गाव इतका सरळ आहे. हे नाव रोमन लिपीतून पुन्हा नागरीत उतरविताना शेवटचा र तसाच राहतो, अक्षरांचा घोटाळा होत नाही, लिपीला दोष देता येत नाही. तरीही मराठी जाणणाऱ्याने त्यात एखादी नार शोधून तिची दंतकथा रचावी, यास फार वेळ लागणार नाही.